मेहरूनबीच्या पेनाचं टोपण

समोर माणूस येऊन बसला आणि बोलायला लागला, की मेहरूनबी पेनाला टोपण लावायची. लोकांना वाटे, अर्ज लिहिणारी बाई आहे, बोलणं सुरू झालं की लिहायला घेईल. ही उलट पेन बंद करून टेबलावर आडवं ठेवायची आणि हात पदराखाली घेऊन बसायची. सांगणाऱ्याचा अर्धा जोर तिथंच उतरायचा. उरलेल्या जोरावर तो आजोबांपासून सुरू करी, काकाच्या दुसऱ्या लग्नावर येई, मध्येच एखादा बैल मरे, मग पाऊस न आलेलं एखादं साल. मेहरूनबी मध्ये बोलायची नाही. "हाव", "मंग?" एवढंच. सगळं संपलं, की विचारायची, "झालं सांगून? आता काय पाहिजे ते सांग."

या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसायचं. ज्याच्याकडे निघे, त्याच्यासाठी टोपण निघे. आमच्या गावात कचेरीतून परतणाऱ्याला काम झालं का, असं कोणी विचारत नसे. "टोपण निघालं का?" असं विचारत.

मेहरूनबी जाऊन आता दोन वर्षं होतील. पेन माझ्याकडे आहे. चंद्रपूरला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं वकिलीचं टेबल आहे, त्यावर ते असतं. गावाचं नाव सांगत नाही. मूल शहर सोडून सावली गावाच्या वाटेला लागलं, की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात, त्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. वकील आहे, कचेऱ्यांतल्या लोकांशी रोज काम पडतं.

अर्जनवीस खरं म्हणजे तिचा नवरा, करीमभाई. माणूस भला, पण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. म्हणून ते लोकांचं ऐकून घरी येत आणि मेहरूनबी चुलीपाशी बसून अर्ज लिहून काढी. शिक्षण सातवी पास. करीमभाई गेले आणि काही महिन्यांनी तीच त्यांचं टेबल, खुर्ची आणि पत्र्याची पेटी घेऊन कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली येऊन बसली. बाईमाणूस अर्ज लिहिणार म्हणजे काय, अशी कुजबुज झाली. हरकत घ्यावी असंही काहींच्या मनात आलं. पण हरकतीचा अर्ज लिहून घ्यायलाही तिच्याकडंच जावं लागलं असतं, म्हणून विषय मागे पडला.

तिच्या टेबलाकडे मी पहिल्यांदा नीट कान दिला तो लटारूभाऊंच्या वेळी. लटारूभाऊंचं भावाशी धुऱ्यावरून वाजलं होतं. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. त्यावर एक मोहाचं झाड, आणि झाड कोणाचं हा वाद. लटारूभाऊंनी तासभर घेतला. झाड आजानं लावलं, भावानं तोडलेल्या फांद्या, पुतणीच्या लग्नाचं आवतण आलं नाही, गावातल्या पानठेल्यावर भाऊ काय काय बोलला. टोपण लागलेलंच.

"झालं सांगून?" मेहरूनबीनं विचारलं. "काय पाहिजे?"

"न्याय पाहिजे, बाई."

"न्याय ह्या कचेरीत नाई भेटत, लटारूभाऊ. इथी नकाशा भेटते, मोजणी भेटते, साहेब असला तं तारीख भेटते. ह्याच्यातलं काय पाहिजे?"

लटारूभाऊंनी टोपीशी चाळा केला. मग खाली बघत म्हणाले, "पाच सालं झाली, तो माह्यासंग बोलत नाई."

मेहरूनबीनं पेन उचललं आणि पेटीत टाकलं. "त्याले अर्ज नाई लागत. त्याच्या घरी जाय. मोहफुलं घेऊन जाय, झाडाचा विषय काढू नोको."

लटारूभाऊ पाय आपटत गेले. पंधरा दिवसांनी दोघे भाऊ एकाच सायकलवरून आले, गळ्यात गळे घालून, आणि तिसऱ्या शेजाऱ्याविरुद्ध मोजणीचा अर्ज लिहून घेऊन गेले. मेहरूनबी त्या दिवशी खूश होती. "मागणं पक्कं होतं त्यायचं," म्हणाली.

मी हे सगळं ऐकत होते, कारण कचेरीच्या फाटकासमोर, कडुनिंबाखालचं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ, माझ्या मामाचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मी त्यात बसायचे. बसायचे म्हणजे, मशीनवर कागद ठेवत ठेवत कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचे. दोनदा बसले होते, दोनदा आपटले होते. कलमं पाठ होती, सामान्य ज्ञान पाठ होतं, देशोदेशीच्या राजधान्या झोपेतून उठवून विचारा. घोडं अडत होतं ते उताऱ्यांवर. कायद्याविषयीचा एक उतारा द्यायचे आणि खाली प्रश्न, 'वरील उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?' चार पर्याय, आणि चारही खरे वाटायचे. मी आयुष्यात इतकी सहमत कधी कोणाशी झाले नव्हते, जितकी त्या चार पर्यायांशी व्हायचे.

बाबांचं म्हणणं साधं होतं. "दोनदा झालं. तिसऱ्यांदा नाई झालं तं डी.एड.चा फॉर्म भराचा अन चूप राहाचं." मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला वकील व्हायचं होतं, आणि ते मला इतकं हवं होतं की कोणाला सांगायचीही लाज वाटायची. तिसरी वेळ शेवटची, हे मला माहीत होतं, मामाला माहीत होतं, आणि मामाला माहीत म्हणजे गावाला माहीत.

एकदा मेहरूनबी एका अर्जाच्या दोन प्रती काढायला आली. मी मार्गदर्शक पुस्तक उघडं टाकून डोळे पुसत होते.

"काऊन वं पोरी, कोण मेलं?"

"कोणी नाई चाची. उतारा चुकला."

"आण इकडं." तिनं दोऱ्यानं बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर मी तो उतारा नंतर लिहून ठेवला होता, म्हणून अजून आहे. पुस्तकातलं मराठी कोणाच्या घरी बोलतात हे मला आजवर सापडलेलं नाही, पण उतारा असा होता:

'नोटीस ही न्यायाची पहिली पायरी मानली जाते. काहींच्या मते संबंधिताच्या दारावर कागद चिकटविला असता नोटीस बजावली गेली असे समजावे. प्रशासनाच्या सोयीच्या दृष्टीने हे म्हणणे अगदीच गैर नाही, कारण प्रत्येकाचा शोध घेत हिंडणे शक्य नसते. तथापि नोटिशीचा हेतू कागद पोहोचविणे हा नसून माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी देणे हा आहे. ज्यास वाचता येत नाही त्याच्या दारावरील कागद हा केवळ कागदच होय. पूर्वी काही गावी याकरिता दवंडी पिटण्याची पद्धत होती.'

मी उत्तर लिहिलं होतं 'दवंडीची पद्धत उपयुक्त होती'. कारण पुस्तकाच्या सुरुवातीला चौकटीत छापलं होतं, मुद्दा पहिल्या किंवा शेवटच्या वाक्यात असतो. पहिल्यावर मागच्या वेळी फसले होते, म्हणून यंदा शेवटचं धरलं होतं.

मेहरूनबीनं ओठ हलवत सगळं वाचलं. मग मान वर करून म्हणाली, "ह्या कागदात किती लोकं बोलून राह्यले?"

"एकच. लिहिणारा."

"डोळे फुटले का तुहे? मोज. 'मानली जाते'. कोण मानते? त्याचं नाव नाई, म्हणजे पानठेल्यावरच्या गोष्टी. 'काहींच्या मते'. हे दुसरे. आता हा म्हणते, 'गैर नाही'. हे काय होय?"

"तो सहमत आहे."

"बाप्पा! सहमत! आपल्या घरी कोणी पोरगी मागाले आलं अन द्याची नसली, तं आधी पाणी देतो का नाई? चाय देतो. 'पोरगं चांगलं आहे' म्हणतो. ते पाणी होय हे. मंग तथापि आलं. आता ह्याले कंठ फुटला. आता हा स्वतःच्या तोंडानं बोलून राह्यला. बाकी दवंडी-बिवंडी जाता जाता."

मी पुस्तकाच्या मागं उत्तर बघितलं. 'नोटिशीचा हेतू बाजू मांडण्याची संधी देणे हा आहे.' ड. मेहरूनबीनं उत्तर बघितलंही नाही. ती म्हणाली, "माह्या प्रती दे. बाई उन्हात उभी आहे तिकडं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी गर्दी ओसरली की मी कडुनिंबाखाली जाऊन बसायला लागले. मामा कुरकुरला. त्याला वाटलं, मी अर्जनवीस होते की काय. मेहरूनबीची शिकवण्याची पद्धत एकच. समोर माणूस आला की टोपण लावलेलं पेन ती माझ्या हातात द्यायची. माणसाचं सांगून झालं, की मी एका वाक्यात सांगायचं, याला काय पाहिजे. बरोबर आलं तर टोपण काढून पेन तिला परत. चुकलं तर ती नुसता हात पुढं करायची आणि मी बंद पेन तिच्या हातावर ठेवायचं. शाळेत छड्या खाल्ल्या, पण त्या पुढं केलेल्या हाताची जितकी धास्ती घेतली तितकी छडीची नाही घेतली.

एकदा सुमनबाई नावाची बाई आली. जंगलाच्या कडेच्या गावची. तिची शेळी वाघानं नेली होती. वाघ आमच्याकडे बातमी नसते, म्हणून मी फारशी चमकले नाही. तिनं सांगितलं, शेळी नाल्याकडं बांधली होती, वाघ कसा आला, पंजे कसे उमटले होते, सासू काय म्हणाली, दीर काय म्हणाला, शेळी पहिल्या वेताची होती. मला वाटलं, यापेक्षा सोपा उतारा नसतो. "भरपाई पाहिजे," मी म्हणाले.

मेहरूनबीनं हात पुढं केला.

"सुमनबाई," ती म्हणाली, "सासू काय म्हणाली ते पुन्हा सांग."

सुमनबाईचा चेहरा एकदम बदलला. "ते म्हणते, वाघ-बिघ काई नाई. म्याच चोरून इकली बकरी अन माहेरी पैसे धाडले."

"म्हणजे तुले काय पाहिजे?"

"साहेबानं येऊन पंजे पाहावं अन लिहून द्यावं, का वाघानंच नेली. बस्स. तो कागद मी सासूच्या पुढं ठेवतो."

टोपण निघालं. पंचनाम्याचा अर्ज चार ओळींत झाला. सुमनबाई गेल्यावर मी म्हणाले, "चाची, पण मुख्य तं वाघ होता ना?"

"वाघ तुले मुख्य वाटला. तिच्या घरी वाघ नाई राहात, सासू राह्यते."

दोन महिने असे गेले. मी फुशारले. सराव परीक्षा दिली आणि उताऱ्यांचे जवळजवळ सगळे प्रश्न चुकले. आधी जितके चुकायचे त्याहून जास्त. मी कागद मेहरूनबीच्या टेबलावर आपटला. रागच आला होता मला तिचा. तिच्या नादानं माझी होती तीही अक्कल गेली, असं वाटत होतं, आणि मी तसं बोलूनही गेले.

तिनं शांतपणे एकेक उतारा पाहिला, मी कुठं खूण केली ते पाहिलं, आणि मग तिला हसू आलं. हसली म्हणजे इतकी हसली, की शेजारच्या स्टॅम्पवाल्यानं वळून बघितलं. मी प्रत्येक उताऱ्यात शेवटचं वाक्य धरलं होतं. दोन महिने अर्ज ऐकून ऐकून माझ्या डोक्यात बसलं होतं, की मागणं शेवटी असतं. 'तरी माझी विनंती की' इथून पुढं. कायद्याचा पंडित काय लिहितो ते मी आमच्या तालुक्यातल्या अर्जदाराच्या अर्जासारखं वाचत होते.

"अवं, मागणारा शेवटी मागते, कारण त्याले लाज वाटते," मेहरूनबी डोळे पुसत म्हणाली. "तो आधी घरादाराचं सांगते, पाऊस-पाण्याचं सांगते, अन जायच्या टाइमाले हळूच मागते. ह्या लिहिणाऱ्या शहाण्याले कोणाची लाज? तो मधातच बोलून टाकते अन मंग शोभा वाढवत बसते. माणूस पाहून ऐकाचं. सगळ्यायले एकाच मापानं नाई मोजाचं."

"मंग तुमी लाजत नाई का? तुमी काऊन कधी काई मागत नाई?" मी सहज विचारलं.

"माहं काई मागणं नाई, तं काय मागू?" ती म्हणाली आणि पेटी आवरायला लागली. स्वतःबद्दल विचारलं की तिचं हे एकच उत्तर होतं. तिला मूलबाळ नव्हतं, करीमभाई गेल्यावर घरात ती आणि पुतणी शबाना, एवढं गावाला माहीत होतं. त्यापुढचं तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. सगळ्या तालुक्याचं ऐकणाऱ्या बाईचं कोणीच ऐकलं नव्हतं. हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. मला माझ्या परीक्षेची पडली होती.

परीक्षा चंद्रपूरला एका कॉम्प्युटर सेंटरवर होती. जाताना मेहरूनबीनं पेन दिलं, हेच, आत्ता माझ्या टेबलावर आहे ते. "उतारा आला का टोपण लावाचं. बोलू द्याचं त्याले. कंठ फुटला का काढाचं." मी ते देवाच्या अंगाऱ्यासारखं रुमालात बांधून नेलं. फाटकावरच्या माणसानं परीक्षा सुटेपर्यंत ठेवून घेतलं. आत कच्च्या कामालाही फक्त त्यांचंच पेन चालतं म्हणे. त्यांनी दिलं ते खटका दाबायचं पेन होतं, टोपणच नव्हतं त्याला. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी मी पेनाच्या टोकावर अंगठा दाबून धरला आणि वाचायला लागले. पहिला उतारा न्यायालयाच्या विलंबाविषयी होता. त्यात तीन लोक बोलत होते, चौथा मधल्या परिच्छेदात 'परंतु' म्हणून आला. मी अंगठा उचलला. सेंटरवरून बाहेर आले तेव्हा अंगठा निळा झाला होता.

मी पास झाले. उताऱ्यांचे सगळे प्रश्न बरोबर. बाबांनी पेढे वाटले आणि मी डी.एड.ला गेले असते तर किती वाईट झालं असतं, ते गावभर सांगत सुटले, जणू हट्ट त्यांचाच होता. मेहरूनबीला पेढा द्यायला गेले तर ती म्हणाली, "आता वकील होशीन. गंज लांब बोलशीन. तेवढं नोको करू, बेटा." गंज म्हणजे आमच्याकडे पुष्कळ.

मी चंद्रपूरला शिकत होते तेव्हा कचेरी गावाबाहेर नव्या इमारतीत गेली. जुन्या आवारात गाड्या ठेवायची सोय झाली आणि कडुनिंब तोडला. अर्ज ऑनलाइन झाले. एकदा सुट्टीत मी मामाच्या दुकानात होते. दुकानात आता कॉम्प्युटर आला होता. मेहरूनबी येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दाखव मले, आता अर्ज कसा करते."

मी फॉर्म उघडला. नाव, गाव, आणि मग 'अर्जाचा विषय निवडा'. खटका दाबला की यादी उघडायची. जमिनीची मोजणी, नावातली दुरुस्ती, रेशन कार्ड, दाखले, आणि सगळ्यात खाली 'इतर'.

"लोकायनं मुद्दा ह्याच्यातलाच निवडाचा?"

"हाव."

"अन सांगाचं कुठी? वाघ कसा आला, सासू काय म्हणाली?"

"खाली एक चौकोन आहे. त्यात थोडंसं लिहिता येते."

"अन ज्याचा मुद्दा ह्याच्यात नाई, त्यानं?"

"इतर."

तिनं यादी पुन्हा वरून खाली वाचली. "मंग बेटा, आपला सगळा तालुका इतरमधेच आहे," ती म्हणाली. "तुही परीक्षा आता सगळ्यायले लागली." आणि चप्पल घालून घरी गेली. टेबल आधीच घरी नेलं होतं.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. मी नुकती एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करायला लागले होते. मेहरूनबीच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, नागपूरला नेऊन आणलं होतं, आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी आदल्या दिवशी गावी आले आणि सकाळी आठला तिच्याकडे गेले. सव्वादहाची गाडी धरून मला दुपारी चंद्रपूरला कोर्टात हजर व्हायचं होतं. काम एवढंच, उभं राहायचं आणि तारीख मागायची.

ती ओसरीवर खाटेवर होती. पायाशी बकरी. मी बसले आणि ती बोलायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मेहरूनबी बोलायला लागली. दम लागायचा, थांबायची, पुन्हा सुरू. करीमभाईंचं टेबल आलापल्लीच्या सागाचं होतं, ते त्यांनी कोणाकडून कसं आणलं. कडुनिंब पडला तेव्हा ती पाहायला गेली नाही. नवी नवरी म्हणून या गावात आली तेव्हा वर्षभर आजूबाजूचं कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. शबानाच्या हाताला चव आहे, पण मिठाचा अंदाज नाही. शबाना गंज करते, पण तिले कामं आहेत. ह्या बकरीले काई काम नाई, तं ते बसून राह्यते माह्यापाशी. मग पुन्हा टेबल. टेबलाच्या एका पायाला वाळवी लागली होती. मग नागपूरच्या दवाखान्यातली नर्स.

मी ऐकत होते आणि एक डोळा घड्याळावर होता. वकील झाले होते ना. डोक्यात पर्याय मांडत होते. अ, टेबल कोणाला तरी द्यायचं आहे. ब, झाड तोडल्याची तक्रार करायची आहे. क, घर शबानाच्या नावे करायचं आहे. क असणार, असं मी जवळजवळ ठरवलं होतं, आणि त्याला कोणते कागद लागतील तेही मनात काढलं होतं. दहा वाजत आले. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मी हसून, तिचंच वाक्य तिला ऐकवावं म्हणून, म्हणाले, "झालं सांगून, चाची? आता काय पाहिजे ते सांगा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काई नाई पाहिजे. जाय, तुही गाडी चुकन."

आणि मी गेले. पाया पडले, शबानाला दोन गोष्टी सांगितल्या, आणि गेले. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून खूशही झाले. बांध्यांत रोवणी चालली होती. काहीतरी टोचत होतं, म्हणून मी ते सगळं मनात पुन्हा वाचायला घेतलं, पहिल्या वाक्यापासून. टेबल, करीमभाई. झाड. नवी नवरी, वर्षभर कोणी बोललं नाही. शबाना करते, पण. पण! मधातच होतं. तिथंच तिला कंठ फुटला होता, आणि मी बकरी समजून पुढं गेले होते. लाजणारं माणूस शेवटी मागतं, म्हणून मी शेवटाची वाट बघत बसले होते, आणि शेवटी तिनं मागितलंच नाही. माझी इतकी चीड आली मला, की मी खिडकीच्या गजावर कपाळ आपटलं. मला गाडी लागली असं वाटून शेजारच्या बाईनं विचारलं, "वकारी होते का वं?"

मूलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी उतरले. वरिष्ठांना फोन केला, त्यांनी चार शब्द ऐकवले. त्या दिवशी कोर्टात साहेबच रजेवर होते आणि सगळ्यांना आपोआप तारीख मिळाली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. उलटी गाडी मिळायला तास लागला.

मी ओसरीवर चढले तेव्हा ती जागीच होती.

"काऊन वं? गाडी चुकली?"

"नाई. मूलपर्यंत गेली होती. उतारा परत वाचला."

तिला हसू आलं, हसण्यातून खोकला, खोकल्यातून पुन्हा हसू. शबाना आतून पाणी घेऊन धावत आली.

"मूलपर्यंत?" मेहरूनबी म्हणाली. "परीक्षेत टाइम संपला असता तुहा."

मी बकरीला थोडं सरकवलं आणि बसले.